कुलूपबंद ध्वनिमुद्रणे

संगणकातील विषाणू काढणे आणि त्याने हिरावलेले परत मिळवणे ही दोन भिन्न कामे आहेत. माझ्या लॅपटॉपमध्ये खंडणीखोर विषाणू शिरला, तेव्हा अहिराणी बोलीच्या माझ्या ध्वनिमुद्रणांपैकी प्रत्येक फाइलच्या नावाअखेर एक अनोळखी प्रत्यय लागला होता. (प्रत्ययाने पदाचा अर्थ बदलतो, येथे अर्थच लोपला होता!) पडद्यावर पैशांची मागणी झळकत होती. ती मी मानली नाही. पैसे देऊनही किल्ली मिळण्याची शाश्वती नसते. प्रथम वायफाय तोडले, कुलूपबंद फाइली वेगळ्या उतरवून घेतल्या, मग हार्डडिस्क पुसून विंडोज नव्याने बसवले. यंत्र निर्धोक झाले, फाइली मात्र मुक्याच राहिल्या. युरोपोल व नेदरलँड्सचे पोलीस यांनी काही कंपन्यांसह 2016 मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमातून अशा काही विषाणूंच्या किल्ल्या विनामूल्य मिळतात. माझ्या विषाणूची तेथे नव्हती.

बहुतेक मुद्रणे कपाटातल्या दुसऱ्या हार्डडिस्कवर सुखरूप होती. ती लॅपटॉपला जोडलेली असती, तर तीही गेली असती. एका आजींच्या जात्यावरच्या गाण्यांची प्रत मात्र हल्ल्यापूर्वी निघालेली नव्हती. आजी आता हयात नाहीत. ती फाइल मी पुसलेली नाही. किल्ल्या कधी कधी वर्षांनंतरही उपलब्ध होतात.