मोरीचा उतार

आमच्या घरात एका जागेला तीन नावं आहेत. पाठ्यपुस्तकातल्या उर्दूत ती गुस्लखाना, गल्लीच्या बोलीत मोरी, आणि कोकणातून सून म्हणून आलेल्या आमच्या बेगमच्या तोंडी न्हाणी. आम्ही सोलापुरातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक आहोत. शिकलो उर्दूतून, बी.एड.ही केलं, मराठी मात्र शिकलो सार्वजनिक नळाच्या रांगेत, हंडे मोजता मोजता. त्यामुळे शब्दांकडे आमचं लक्ष जरा जास्त जातं. मागच्या उन्हाळ्यात दुकानात सामान घ्यायला गेलो तेव्हा दुकानदारानं कॅटलॉग पुढं केला. त्यात पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्याचं नाव होतं ‘नहाणी ट्रॅप’. इंजिनियरिंगच्या इंग्रजी पुस्तकांतसुद्धा त्याला हेच म्हणतात. म्हणजे आमच्या बेगमची न्हाणी केव्हाच इंग्रजीत जाऊन बसली आहे, आणि आमच्या घरातल्या मोरीत मात्र ते भांडंच नव्हतं!

घर अब्बांनी बांधलं. यंत्रमागावर टॉवेल विणून जमवलेल्या पैशातून एकेक खोली उभी राहिली. आपल्याकडे घर बांधताना पैसा पुढून मागं सरकत जातो. आधी दर्शनी भिंत, मग पाहुण्यांची बैठक, मग झोपायची खोली, मग स्वयंपाकघर. मोरीपर्यंत येता येता पैसाही संपतो आणि उत्साहही. मग तिथं उरलेली शहाबादी फरशी, उरलेलं सिमेंट आणि घाईत असलेला गवंडी. बैठकीत पाहुणा वर्षातून दहा-बारा वेळा बसतो. मोरीत घरातला प्रत्येक माणूस रोज जातो, आणि कपडे-भांडी धुणाऱ्या बाईचा तर निम्मा दिवस तिथंच जातो. तरी आपण घर दाखवताना मोरीचं दार ओढून घेतो.

आमच्या अम्मींचं वय 68. दोन्ही गुडघे दुखतात. दोन वर्षांत तीनदा त्यांना लघवीचा जंतुसंसर्ग झाला. डॉक्टर दर वेळी विचारत, पाणी किती पिता? अम्मी दर वेळी म्हणत, भरपूर. खरी गोष्ट त्यांनी आम्हाला कधीच सांगितली नसती. एका रात्री त्यांनी ती सुनेला सांगितली. मोरीची फरशी कायम ओली, वर शेवाळाचा पातळ थर. खाली बसलं की उठता येत नाही, उठताना धरायला काही नाही. म्हणून दुपारनंतर त्या पाणी पिणंच टाळत होत्या. रोजे नसतानाही तहान मारत होत्या, आणि कारण काय, तर घरातल्या दीड मीटर जागेची भीती.

ही गोष्ट फक्त आमच्या अम्मींची नाही. आमच्या बेगमनं गल्लीतल्या बायकांत विषय काढला तेव्हा घरोघरी कुणाची सासू, कुणाची खाला असंच करते हे निघालं. ही तक्रार बायका पुरुषांसमोर बोलत नाहीत आणि पुरुष विचारत नाहीत. आमच्या समाजात लाज फार, आणि त्या लाजेचा भुर्दंड म्हाताऱ्या बायका भरतात.

ठेकेदारानं पाहून आकडा सांगितला तो लाखाच्या वर गेला. दुसरे एक प्लंबर ‘उद्या येतो’ म्हणाले, ते अजून यायचे आहेत. मे महिन्याची सुट्टी लागलेली होती. गल्लीत एक वयस्कर प्लंबर चाचा राहतात. त्यांच्या हाताला आता कंप आहे, पण नजर पक्की. आम्ही त्यांना म्हटलं, “चाचा, तुम्ही खुर्चीवर बसून सांगा, हात आमचे.” चाचा हसले आणि म्हणाले, “मास्तर, पानी ढलान पे चलता, तुमारे बोलने पे नै. ये याद रक्खे तो काम हुआ समझो.”

फरशी उखडली आणि दुर्गंधीचं मूळ सापडलं. आधीच्या कारागिरानं जाळीखालून सरळ नळी काढून गटाराला जोडली होती. मध्ये अडवायला काही नाही. नहाणी ट्रॅपची करामत अगदी साधी आहे. त्याच्या पोटात वाटीसारखा भाग असतो, त्यात साधारण दोन इंच पाणी कायम अडून राहतं. वरचं पाणी पुढं निघून जातं, पण गटारातला वायू त्या अडलेल्या पाण्यातून वर येऊ शकत नाही. पाण्याचाच दरवाजा, पाण्याचीच कडी. सोलापूरच्या उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवस घर बंद ठेवलं की हे पाणी आटतं आणि परत आल्यावर घरभर वास सुटतो. लोक मग फिनेल ओततात. खरं तर गावाला जाऊन आल्यावर जाळीत दोन तांबे साधं पाणी ओतलं तरी दरवाजा पुन्हा लागतो.

मग उतार. आमची मोरी सहा फूट लांब. चाचांनी हिशेब सांगितला, फुटामागे पाव इंच. म्हणजे दाराजवळची बाजू जाळीपेक्षा दीड इंच वर पाहिजे. जुन्या फरशीचा उतार नेमका उलटा, भिंतीकडे होता. म्हणून पाणी साचायचं, म्हणून शेवाळ, म्हणून अम्मींची भीती. मोजायला गवंड्याची पारदर्शक नळी आणली. तिच्यात पाणी भरलं, एक टोक बेगमच्या हातात, दुसरं आमच्या. दोन्ही टोकांतलं पाणी एकाच उंचीवर थांबतं. ‘द्रव आपली पातळी समान राखतो’ हे वाक्य आम्ही कितीतरी वर्षं फळ्यावर लिहीत आलो. मोरीत उकिडवं बसून भिंतीवर पेन्सिलीची खूण केली तेव्हा त्या वाक्याला पहिल्यांदा वजन आलं.

भिंतीतला जुना लोखंडी पाईप कापला तर अर्ध्या इंचाच्या नळीत गंज आणि क्षार साठून पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलेलं. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड, त्याचा हा प्रताप. नवीन पाईप सीपीव्हीसीचा घातला, कारण त्यातून गीझरचं गरम पाणीही नेता येतं. पाईप काटकोनात कापायचा, कडेचे तुसे काढायचे, दोन्ही बाजूंना सोल्युशन लावायचं, आत ढकलताना थोडा फिरवायचा आणि हात न सोडता धरून ठेवायचा. आट्यांच्या जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळायची ती आटे आवळण्याच्या दिशेनं. उलटी गुंडाळली तर आवळताना सुटत जाते. सगळी जोडणी झाल्यावर तोंडं बंद करून रात्रभर पाणी भरून ठेवलं. भिंत बुजवण्याआधी ही परीक्षा घेतलीच पाहिजे, कारण टाइल्स लागल्यावर गळती सापडते ती शेजाऱ्याच्या भिंतीवर. विजेचं काम मात्र आम्ही हातात घेतलं नाही. गीझरची जोडणी आणि अर्थिंग वायरमननं केलं. घरी करायचं काम कुठवर, हेही ठरवावं लागतं.

अम्मींसाठी खुर्चीइतक्या उंचीचा कमोड घेतला. तो बसवताना आपल्या घरांत एक प्रश्न येतोच. किब्ला पश्चिमेकडे, तेव्हा तोंड किंवा पाठ तिकडे येऊ नये. म्हणजे कमोड दक्षिणोत्तर बसवायचा. पण मैल्याचा पाईप कुठल्या भिंतीकडे जातो त्यावर जमिनीत उतरणारा की भिंतीतून जाणारा कमोड घ्यायचा ते ठरतं. हे सामान आणण्याआधीच ठरवलं तर तोडफोड वाचते. शेजारी स्टीलचा आडवा दांडा बसवला, त्याचे बोल्ट थेट विटेत उतरवून; नुसत्या टाइलला धरून राहिलेला दांडा माणसाचं वजन पेलत नाही. फरशीला चकाकी नसलेल्या, खरबरीत टाइल्स. दार बाहेर उघडणारं, कारण आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी. वुजूसाठी एक कट्टा आणि बसल्या जागी पाय धुता येतील असा नळ.

नळावरून आठवलं. पैगंबरसाहेब एक मुद पाण्यात वुजू आणि एक सा ते पाच मुद पाण्यात गुस्ल करत, असं हदीसमध्ये आलं आहे. मुद म्हणजे मध्यम माणसाची दोन्ही हातांची भरलेली ओंजळ, आजच्या मापानं पाऊण लिटरच्या आतबाहेर. आम्ही नव्या नळाखाली बादली ठेवून आमच्याच वुजूचं पाणी मोजलं. नळ चालू ठेवून साडेचार लिटर, आणि बधन्यानं केला तर एक लिटरभर. जिथं नळाला रोज पाणी येत नाही तिथं हा फरक लहान नाही. कट्ट्यावर आता नळाशेजारी बधना ठेवलेला असतो.

काम चालू असताना येणारे-जाणारे डोकावत. “मास्तर, बी.एड. करून प्लंबर झालात काय?” असं एकानं विचारलं. गमतीत विचारलं, पण त्या गमतीच्या तळाशी काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे. शिकलेल्या मुलानं पाना हातात धरला की शिक्षण वाया गेलं, असं आपण मानतो. हातानं काम करणाऱ्याला खालचा समजायचं आणि घाण साफ करणाऱ्याला त्याहून खालचा. तहारत हा ईमानाचा भाग आहे असं सांगणाऱ्या समाजात हलालखोर नावाची एक बिरादरी आहे. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांची घाण तिनं उचलली, आणि लग्नाच्या जेवणात तिला बाजूला बसवणारे आपलेच लोक होते. हातानं मैला साफ करून घेण्याला बंदी करणारा कायदा 2013 साली झाला. मनातल्या बंदीचं काम त्याच्या पलीकडचं आहे. आपल्या मोरीचं भांडं आपण एकदा उघडून, हात घालून साफ करावं. ते काम रोज करणाऱ्याकडे मग आपण त्याच नजरेनं पाहू शकत नाही.

दुसरीकडे आपल्याला पूर्वजांचा अभिमान भारी. सोलापुरातल्या शाळांच्या सहली शंभर किलोमीटरवरच्या विजापूरला, 2014 पासूनच्या विजयपुराला, हमखास जातात. गोलघुमटात मुलं आवाज घुमवतात, गाईड सात वेळा प्रतिध्वनी ऐकवतो, आणि बस परत फिरते. त्याच मुहम्मद आदिलशाहाच्या काळात, 1651 साली, शहराच्या दक्षिणेला बेगम तलाव बांधला गेला. त्याचं पाणी जमिनीखालून मातीच्या पक्क्या नळ्यांतून शहरात आणलं होतं. वाटेत ठिकठिकाणी उंच मनोरे, त्यांना गंज म्हणतात. पाणी त्यात चढायचं, जास्तीचा दाब तिथं कमी व्हायचा आणि गाळ खाली बसायचा. नळ्या फुटू नयेत म्हणून केलेली ही योजना. घुमट बांधणाऱ्या सुलतानाचं नाव आपल्याला पाठ आहे. उतार मोजून एकेक नळी जोडणाऱ्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. गेल्या सहलीत आम्ही मुलांना आधी गंज दाखवला. एका मुलानं विचारलं, “सर, याचा गवंडी कोण होता?” सहलीच्या वहीत आम्ही तो प्रश्नच उतरवून घेतला.

खर्चाचं सांगायचं तर ठेकेदाराच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी पैशांत काम झालं. सव्वीस दिवस लागले, तेवढे दिवस शेजाऱ्यांनी त्यांची मोरी आम्हाला वापरू दिली. अम्मी पहिल्या दिवशी “मेरे वास्ते इत्ता खर्चा कायकू?” म्हणत आत गेल्या आणि दांडा धरून उठून बाहेर आल्या. त्यानंतर त्यांच्या उशाशी रात्री तांब्या भरलेला असतो, सकाळी तो रिकामा असतो. गल्लीतल्या दोन घरांनी आमच्याकडून दांड्याचं माप नेलं.

आता मनात आहे ती शाळा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं शाळेला बंधनकारक केली. आमच्याकडे ती आहेत, कागदावरही आणि जागेवरही. पण मुलींच्या बाजूला पाणी चढत नाही, कडी लागत नाही, वास सुटतो. सातवी-आठवीच्या मुली घरून पाण्याच्या बाटल्या आणतात आणि भरलेल्याच परत नेतात. अम्मींची गोष्ट घडली नसती तर त्या भरलेल्या बाटल्यांचा अर्थ आम्हाला लागला नसता. अडुसष्टाव्या वर्षीची ती सवय बाराव्या वर्षी लागते, आणि ती आपल्या डोळ्यांसमोर लागते आहे.

आम्ही जाऊन पाहिलं. टाकी छताला टेकेल इतकी खाली आहे, म्हणून नळाला जोर नाही. ट्रॅप आहे, पण फुटलेला. खर्च फार नाही. मोजमापं आणि सामानाची यादी जोडून अर्ज दिला आहे. आठवीच्या मुलींनी पारदर्शक नळी धरून फरशीचा उतार स्वतः मोजला आणि यादीखाली आकडे लिहिले. अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. दिवाळीची सुट्टी जवळ आहे, चाचा यायला तयार आहेत, आणि पाना, करवत, लेव्हलची नळी आमच्या घरी कपाटात आहेत.