ढकलणार कोण?

अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबा दवाखान्यातून घरी आले आणि साताऱ्यातल्या आमच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटपुढची पायरी डोळ्यांत सलायला लागली. एकच पायरी. पण बाबांना बाहेर न्यायचं म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन मुलांना हाक मारायची आणि त्यांनी दोन्ही बाजूंनी खुर्ची उचलायची. मुलं गुणी, कधी नाही म्हणाली नाहीत. बाबांनीच बाहेर जाणं सोडलं. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये उभी हयात गेलेला माणूस. सामानासारखं उचललं जाणं त्यांना सोसत नव्हतं.

कायमचा रॅम्प बांधायला जागा नाही. पायरी सगळ्यांच्या वापरातल्या पॅसेजमध्ये उतरते आणि पुढे दुचाक्या लागतात. तेव्हा मांडता-काढता येणारा रॅम्प हवा होता.

दुकानात फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला: पायरी किती उंच? टेप लावला तर सात इंच भरली. बाबा आतून म्हणाले, “पायरीशी नको गं मोजू. रॅम्पचं खालचं टोक जिथं टेकणार तिथं मोज.” बरोबर होतं. पाणी साचू नये म्हणून पार्किंगच्या फरशीला बाहेरच्या बाजूला उतार असतो. पायरीवरून सरळ पट्टी पुढे धरली, पाणसळ लावून सारखी केली आणि तिथून खाली मोजलं, तर आठ इंच.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत रॅम्पचा उतार एकास बारा सांगितला आहे. म्हणजे आठ इंच चढायला आठ फूट लांबी. दुकानदार मात्र चार फुटी रॅम्प दाखवत होता. स्वस्त, हलका, घडी करून पलंगाखाली जाणारा. “माणूस मागे असला की चढतो,” असं त्याचं म्हणणं. माझा प्रश्न तिथंच होता, तो माणूस कोण? मी नोकरीला जाते. दिवसभर घरी आई असते, वय ७० च्या पुढे, गुडघे दुखरे.

मग हिशेब मांडला. बाबा आणि खुर्ची मिळून साधारण ८६ किलो. एकास बारा उतारावर त्यातला जवळजवळ बारावा भाग, म्हणजे सात किलोंचा जोर सतत लावावा लागतो. चार फुटी रॅम्पवर उतार एकास सहा होतो आणि जोर दुप्पट, चौदा किलो. मध्ये दम लागून थांबलं तरी तेवढाच जोर लावून खुर्ची धरून ठेवायची. आईला हे झेपणार नाही, हे सांगायला डॉक्टर नको होता.

मग आठ फुटीच का नाही? तो तिला उचलवत नव्हता, आणि मांडला की थेट दुचाक्यांत जात होता. शेवटी सहा फुटीवर आलो. उतार एकास नऊ, जोर साडेनऊ किलोंच्या आसपास. नियमापेक्षा चढा आहे, हे मान्य. पण त्याचे उभे दोन भाग सुटे होतात आणि आई एकेक भाग आणून मांडू शकते. घेण्याआधी मी तिला दुकानात नेलं आणि दोन्ही भाग तिच्याच हातानं मांडायला लावले. रिकामी खुर्चीही चढवून बघितली, पाय ठेवायच्या पाट्या खाली घासतात का ते कळावं म्हणून.

दोन पन्हळींचा रॅम्पही बघितला होता, प्रत्येक बाजूच्या चाकांना एकेक पन्हळ. फार सुटसुटीत, पण ढकलणाऱ्याला मधून चालावं लागतं आणि ऐन जोराच्या वेळी स्वतःलाच पायरी चढावी लागते. आईच्या गुडघ्यांना ते कसं जमायचं? फॅब्रिकेशनवाल्याचा लोखंडी चेकर प्लेटचा रॅम्प मजबूत आणि स्वस्त पडला असता, पण तो हलवायला पुन्हा वरची मुलंच लागली असती.

एक गोष्ट कुठल्याच दुकानदारानं काढली नाही, ती म्हणजे सेफ्टी डोअर. आपल्याकडे तो बहुधा बाहेर उघडतो. रॅम्प संपल्या संपल्या दार असेल तर खुर्ची उतारावर लटकत ठेवून दार ओढायचं का? आमच्या दारापुढे खुर्ची उभी राहील एवढी सपाट जागा आहे, म्हणून निभावलं. तरी दार आधी उघडून आकड्यानं अडकवायचं, मग रॅम्प मांडायचा, असा क्रम ठरवून टाकला. वरची पट्टी पायरीवर पूर्ण टेकली आहे का, हे बाबा स्वतः वाकून बघतात. रॅम्पची खीळ पडल्याशिवाय ते खुर्ची पुढे घेऊ देत नाहीत.

उतरताना खुर्ची उलटी न्यायची, बाबांचं तोंड घराकडे आणि आई खालच्या बाजूला, म्हणजे ते पुढे झुकून पडत नाहीत. पावसात रॅम्पचा पृष्ठभाग खरखरीत असूनही पुसल्याशिवाय चाक ठेवायचं नाही. साताऱ्याचा पाऊस बघता दाराशी एक जाड फडकं कायम लागतं.

आता बाबा कटिंगला कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जातात, न्हाव्याला घरी बोलवावं लागत नाही. सोसायटीच्या गेटपाशी एक बुटकी पायरी अजून आहे. तिथे जागा भरपूर आहे, त्यामुळे एकास बाराचा पक्का उतार सहज बसतो. मी मापं घालून तसा अर्ज कमिटीकडे दिला आहे, आणि खाली सही बाबांची आहे.