एक ना धड, भाराभर शब्द

वेबसाइट काढणं आता अवघड राहिलेलं नाही. नाव विकत घ्या, जागा भाड्याने घ्या, चार-दोन संध्याकाळी बसा, की साइट तयार. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. ज्याच्यासाठी साइट काढली त्याला ती सापडली पाहिजे. त्याला सापडली नाही, तर ती असून नसल्यासारखीच.

आज या विषयावर लिहितोय ते माझ्या एका माजी विद्यार्थिनीमुळे. ती उर्दू माध्यमात शिकली, पुढे डी.एड. झाली. लग्नानंतर नोकरी जमली नाही, पण शिकवायची हौस काही गेली नाही. तिने उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवणारी साइट सुरू केली. समजावणं उर्दूत, उदाहरणं मराठीत. आमच्या मुलांना याची किती गरज आहे ते मी रोज वर्गात पाहतो. उर्दूत हुशार असलेला मुलगा मराठीच्या तासाला मान खाली घालून बसतो. दहावीला मराठीची धास्ती घेतो आणि पुढे सरकारी कचेरीत साधा अर्ज लिहायलाही दुसऱ्याला गाठतो.

साइटला दीड वर्ष झालं होतं. रोज येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यातही निम्मे नात्यातले. साइटचे वर्षाचे पैसे भरायची वेळ आली, तेव्हा घरातून प्रश्न आला, "हा खर्च कशासाठी?" ती माझ्याकडे आली ती हाच प्रश्न घेऊन.

सर्चमध्ये साइट वर आणून देतो, असं सांगून एका माणसाने तिच्याकडून पैसे घेतले होते आणि चाळीस 'कीवर्ड'ची यादी दिली होती. मराठी शिका, मराठी व्याकरण, मराठी निबंध, मराठी सुविचार, मराठी उखाणे, मराठी बातम्या, अगदी स्पोकन इंग्लिशसुद्धा. प्रत्येक पानाच्या तळाशी हे चाळीस शब्द स्वल्पविराम देऊन ओळीने बसवले होते. जास्त शब्द म्हणजे जास्त दारं, कोणी ना कोणी कुठून तरी आत येईलच, असा त्यामागचा हिशेब. मराठीत याला जुनी म्हण आहे, एक ना धड, भाराभर चिंध्या.

हा हिशेब का चुकतो, ते समजून घेण्यासारखं आहे. जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते. कोणता शब्द कोणत्या पानावर, ते तिथे लिहिलेलं असतं. सर्च इंजिन मुळात अशीच एक प्रचंड सूची बनवतं. पण एक शब्द लाखो पानांवर सापडला, तर आधी कोणतं पान दाखवायचं? १९७२ साली कॅरन स्पार्क जोन्स या ब्रिटिश संशोधक बाईंनी यावर एक साधी, पण फार मोलाची गोष्ट मांडली. जो शब्द सगळ्याच कागदांत येतो, तो कागद निवडायला कामाचा नाही. जो मोजक्याच कागदांत येतो, त्याचं वजन जास्त. वर्गात "काळे केस असलेला मुलगा उभा राहा" म्हटलं तर सगळा वर्ग उभा राहील. "डाव्या हाताने लिहिणारा" म्हटलं तर एखाद-दुसराच. शोध घेणाऱ्या यंत्रांमध्ये हा विचार पुढे अनेक वर्षं वापरला गेला.

१९९८ साली लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी गूगल कंपनी काढली. त्यांनी यात आणखी एक माप घातलं. तुमच्या पानाकडे इतर किती पानं बोट दाखवतात, आणि बोट दाखवणारी ती पानं स्वतः किती वजनदार आहेत. आता 'मराठी' हा शब्द घ्या. २०११च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले लोक आठ कोटींच्या वर आहेत. या शब्दावर वर्तमानपत्रं आहेत, विकिपीडिया आहे, वाहिन्या आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवणारी पानं असंख्य. त्या गर्दीत घरातून चालवलेली एक साइट कुठे दिसणार?

राहिली पानाच्या तळाची यादी. पूर्वी पानाच्या आतल्या कोडमध्ये कीवर्डची एक खास जागा असायची. लोकांनी तिथे वाटेल ते शब्द कोंबले. शेवटी २००९ मध्ये गूगलने जाहीरच केलं, की क्रम ठरवताना आम्ही ती जागा पाहत नाही. पानावर शब्द उगाच कोंबणं तर गूगलच्या नियमांत लबाडीच धरली जाते. म्हणजे चाळीस शब्दांच्या त्या ओळीने फायदा नव्हताच, झालं तर नुकसानच होणार होतं.

मी तिला बी.एड.च्या दिवसांची गोष्ट सांगितली. तिथे आम्हाला सूक्ष्म अध्यापन होतं. पाच-सहा मिनिटांचा पाठ, समोर मोजकी मुलं आणि एका वेळी एकच कौशल्य. आज फक्त प्रश्न विचारणं, उद्या फक्त फलकलेखन. ही पद्धत १९६३च्या सुमारास ड्वाइट ॲलन यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू केली, आणि पेज-ब्रिन यांचं संशोधनही त्याच विद्यापीठातलं. हा योगायोगच, पण लक्षात राहणारा. एका तासात संधी, समास आणि वृत्त उरकणाऱ्या शिक्षकाच्या वर्गातून मुलं रिकाम्या हाताने बाहेर पडतात. पानाचंही तसंच. एका पानाने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं.

पण प्रश्न कोणता? हे आपण खोलीत बसून ठरवायचं नाही. मी दहावीच्या वर्गात चिठ्ठ्या वाटल्या आणि विचारलं, "मोबाइलवर मराठीचा अभ्यास शोधताना नेमकं काय लिहिता?" 'मराठी शिका' असं एकानेही लिहिलं नव्हतं. 'अक्षरभारती दहावी मुश्किल अल्फाज के माने', 'पाणी सांडला के सांडलं', 'ळ कैसे बोलते', 'मराठी में दरखास्त कैसे लिखना', अशा चिठ्ठ्या आल्या. बरीच मुलं रोमन अक्षरांत लिहितात, काही तर लिहीतच नाहीत, फोनशी बोलतात.

या चिठ्ठ्यांमध्ये आमच्या मुलांची सगळी अडचण आहे. उर्दूत नपुंसकलिंग नाही. 'पानी' तिथे पुल्लिंगी, म्हणून मूल मराठीतही 'पाणी सांडला' म्हणतं. 'किताब' स्त्रीलिंगी, म्हणून 'माझी पुस्तक'. 'घर में' म्हणताना घर जसंच्या तसं राहतं, मराठीत मात्र 'घरात' म्हणताना मध्ये एक 'आ' कुठून येतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मराठी घरातल्या मुलाला हे प्रश्न पडतच नाहीत, म्हणून मोठ्या साइटवर त्यांची उत्तरंही सहसा नसतात. जिथे कोणी बोलत नाही, तिथे हळू आवाजसुद्धा ऐकू जातो.

चाळीसपैकी पाच विषय ठेवायचे ठरले. लिंग, सामान्यरूप, 'ळ' आणि 'ण'चे उच्चार, पाठ्यपुस्तकातल्या कठीण शब्दांचे उर्दू अर्थ आणि पत्र-अर्जलेखन. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सर, 'मराठी शिका' सोडून द्यायचं? आपण मराठीवाले नाहीच, असं नाही का होणार?"

हा प्रश्न तांत्रिक नव्हता. मराठी बोललो की "अरे वा, तुम्ही छान मराठी बोलता" असं ऐकत आपण मोठे झालो. ज्या भाषेत आपल्या आज्यांनी ओव्या म्हटल्या, त्याच भाषेसाठी शाबासकी मिळते तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. म्हणून तो मोठा शब्द आपल्या पाटीवर असावा असं तिला वाटलं, यात गैर काही नाही. मी तिला एवढंच म्हणालो, "बेटा, भाषेवरचा हक्क सर्चमधल्या नंबराने मिळत नाही. तुझ्या पानावरून एक मूल 'पाणी सांडलं' म्हणायला शिकलं, तर तो हक्क तुझ्याकडे आणि त्याच्याकडेही आला."

मग काम सुरू झालं. व्याकरणाची तीन पानं एकाच विषयावर होती आणि एकमेकांचेच पाय ओढत होती. ती एकत्र केली आणि जुन्या पत्त्यांवरून नव्या पानाकडे वाट लावून दिली. उखाणे, सुविचार, बातम्या काढून टाकल्या. प्रत्येक पानाचं शीर्षक म्हणजे मुलाचा प्रश्न, पहिल्या परिच्छेदात त्याचं सरळ उत्तर, खाली उदाहरणं. पाचही विषयांची पानं एकमेकांना जोडली. एकाच प्रश्नाच्या दहा रूपांसाठी दहा पानं काढली नाहीत. त्याची आता गरजही नाही. गूगलने २०१९ पासून बर्ट नावाची पद्धत वापरायला घेतल्यापासून वाक्याचा रोख त्याला पूर्वीपेक्षा चांगला कळतो.

शब्द कमी केले की साइट आपोआप वर जाते, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. पान कच्चं असेल तर एकच शब्द ठेवूनही ते खालीच राहील. कमी शब्दांचा खरा फायदा असा की आपली मेहनत एका जागी पडते. शिवाय निकाल लगेच दिसत नाही, काही महिने धीर धरावा लागतो. गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे. लोकांनी काय शोधलं तेव्हा आपलं पान दिसलं आणि किती जणांनी ते उघडलं, हे त्यात कळतं. महिन्यातून एकदा ते पाहावं आणि मुलांच्या शब्दांप्रमाणे पान दुरुस्त करावं.

चौथ्या महिन्यात 'सांडला की सांडलं'चं पान वरच्या निकालांत दिसू लागलं. साइटवर पानं आता पूर्वीच्या निम्मी आहेत आणि येणारे नात्यातले नाहीत. तिने वर्षाचे पैसे भरले. आकडा अजून लहानच आहे, पण त्यातला प्रत्येक जण काहीतरी विचारायला आलेला असतो.

तुमच्यापैकी कोणी शिलाईचं काम करत असेल, कोणी बिर्याणीच्या ऑर्डरी घेत असेल, कोणी शिकवणी चालवत असेल आणि साइट काढायच्या विचारात असेल, तर कीवर्डची यादी विकत घेण्याआधी आपल्या गिऱ्हाइकांपैकी दहा जणांच्या हातात कोऱ्या चिठ्ठ्या द्या. ते जे लिहितील त्यातले पाच शब्द ठेवा. उरलेले ज्यांचे आहेत त्यांना लखलाभ.