आजाऱ्याचा समाचार आणि रक्तातील रखवालदार

आजाऱ्याचा समाचार घेणे हे आपण दयेचे कृत्य मानतो. परंतु हे कृत्य कधी कधी उंबरठ्याबाहेर राहूनच करावे लागते, हे मला माझ्या धाकट्या बहिणीच्या कर्करोगाने शिकविले.

कर्करोगावरील औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींचा संहार करतात. हाडांतील मज्जाही अहोरात्र नव्या पेशी घडवीत असल्यामुळे तीही या तडाख्यात सापडते. निरोगी माणसाची मज्जा दररोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी, निर्माण करते. रक्तातील त्यांचे आयुष्य अल्प असते. म्हणून औषधानंतर आठवडा-दीड आठवड्यात गाव रखवालदारांवाचून ओस पडावे, तशी रक्ताची अवस्था होते.

या पेशींची वाढ घडविणाऱ्या द्रव्यांच्या शोधासाठी मेलबर्नच्या डोनाल्ड मेटकाफ यांनी १९६५ पासून आयुष्य वेचले. त्यांपैकी जी-सीएसएफ हे द्रव्य अमेरिकेत १९९१ साली औषध म्हणून मान्य झाले. कर्करोगाचे औषध दिल्यावर निदान २४ तासांनी ते कातडीखाली टोचतात. त्यायोगे मज्जेतील कोवळ्या पेशी वेगाने वाढतात, लवकर पक्व होतात आणि लवकर रक्तात उतरतात. बहिणीची कंबर त्या दिवसांत फार ठणके. मज्जेच्या या लगबगीचाच तो परिणाम, असे डॉक्टरांनी सांगितले.

तथापि हे औषध कर्करोगाशी लढत नाही. धोक्याचे दिवस ते कमी करते, नाहीसे करीत नाही. दुसऱ्या खेपेस नवव्या रात्री बहिणीला १०१ अंश ताप भरला. डॉक्टरांनी आधीच बजावले होते : घरगुती गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. आम्ही त्याच रात्री इस्पितळ गाठले. शिरेतून जंतुनाशक औषध सुरू झाले आणि चार दिवसांनी ती घरी परतली.

त्याच सुमारास आमची वृद्ध आत्या पडसे अंगावर घेऊन भेटीस आली. तिला ओसरीवर थांबविले तेव्हा तिला वाईट वाटले. कारण समजताच ती तिथेच बसली आणि तिने पवित्र माळेची प्रार्थना सुरू केली. आतून बहिणीचा क्षीण स्वर तिला साथ देऊ लागला.

वाचकहो, अशा घरी जाताना आधी विचारावे, हात धुवावेत, आणि सर्दी-खोकला असेल तर दारातूनच प्रार्थना करावी. प्रीतीला भिंतीची अडचण होत नाही.