गोलरक्षकाची पाठवणी

२०२२ च्या फेब्रुवारीत आम्ही उभयता शिकागोला मुलाकडे गेलो होतो. बाहेर हाडे गोठविणारी थंडी, अंगणात बर्फाचे ढीग आणि संध्याकाळी पाच-साडेपाचलाच दाटणारा अंधार. वसईच्या उन्हात वाढलेल्या माणसाने अशा ऋतूत करावे तरी काय? दिवाणखान्यात बसून दूरचित्रवाणी पाहणे हाच उद्योग उरला. मुलगा आणि माझी दहा वर्षांची नात, दोघेही आइस हॉकीचे वेडे. शाळेत असताना मी आपल्या मातीवरच्या हॉकीचा गोलरक्षक होतो, ही गोष्ट घरात सर्वांना तोंडपाठ आहे. कारण ती मी वारंवार सांगत असतो. १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने एकही गोल न स्वीकारता सुवर्णपदक मिळविले, त्या संघाचा गोलरक्षक रिचर्ड अॅलन हा आपल्या नागपुरात जन्मलेला, हेही मी जोडीला सांगतो. तेव्हा नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही आमचा गोली बघाच."

तो गोलरक्षक म्हणजे मार्क-आंद्रे फ्ल्युरी. मूळचा कॅनडातील क्वेबेक प्रांताचा, फ्रेंच बोलणारा. त्याच्या आडनावाचा फ्रेंचमधील फुलाशी असलेला संबंध धरून सोबती त्याला 'फ्लॉवर' म्हणत. वय सदतीस. बर्फावरच्या हॉकीत चेंडू नसतो. तीन इंच व्यासाची, कडक रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. ती कधी कधी ताशी शंभर मैलांच्या वेगाने अंगावर येते आणि पाठीमागे सहा फूट रुंद, चार फूट उंच गोल राखायचा असतो. फ्ल्युरी हे काम हसतमुखाने करी. पक खांबावर आदळून परत गेली की तो खांबाला हाताने थोपटी, जणू मदतीबद्दल त्याचे आभार मानी. मी पहिल्याच दिवशी त्याच्या प्रेमात पडलो.

परंतु त्याचा संघ हरत होता. शिकागो ब्लॅकहॉक्स या संघाने २०१०, २०१३ व २०१५ साली स्टॅन्ली चषक जिंकला होता. ते दिवस सरले होते. २०२१ च्या शरद ऋतूत सुरू झालेल्या हंगामात पहिल्या नऊ सामन्यांत एकही विजय मिळाला नव्हता. प्रशिक्षक गेला, मुख्य व्यवस्थापकही गेला. १ मार्च २०२२ रोजी काइल डेव्हिडसन या तरुण गृहस्थाकडे ते पद कायमचे आले आणि संघाची पायापासून नव्याने बांधणी करावयाची, असे ठरले. आपण जुने घर पाडून नवे बांधतो, तसेच हे. आजची काही वर्षे पराभव सोसायचा, अनुभवी खेळाडू इतर संघांना द्यायचे आणि त्यांच्या बदल्यात नवोदित खेळाडू निवडण्याचे हक्क जमवायचे. या व्यवहारात सदतीस वर्षांच्या उत्तम गोलरक्षकाचे स्थान कोणते? तो सामने जिंकून देतो. पण जो संघ आणखी तीन-चार वर्षे जिंकणारच नाही, त्याला त्या विजयांचा उपयोग काय? उलट ज्या संघाला याच वर्षी चषक हवा आहे, त्याला असा माणूस सोन्यासारखा.

२१ मार्च, सोमवार, हा अदलाबदलीचा अखेरचा दिवस होता. शिकागोच्या घड्याळात दुपारी दोनला मुदत संपत होती. त्याआधीच बातमी आली, फ्ल्युरी मिनेसोटा वाइल्ड संघाकडे गेला. बदल्यात शिकागोला दुसऱ्या फेरीतील एक निवड मिळणार होती. मिनेसोटाने उपांत्य टप्पा गाठला आणि पहिल्या दोन फेऱ्यांत फ्ल्युरीने किमान चार सामने जिंकून दिले, तर तीच निवड पहिल्या फेरीची होणार होती. त्याच दिवशी मिनेसोटाने आपला तरुण गोलरक्षक कापो काह्कोनेन सॅन होजे संघाला देऊन टाकला. एकाला जागा करण्यासाठी दुसऱ्याला उठावे लागले.

शाळेतून आलेल्या नातीने दप्तरही न ठेवता विचारले, "म्हणजे त्याला विकलं?"

मुलगा तिला पगाराची मर्यादा, निवडीचे हक्क इत्यादी समजावू लागला. मी मात्र गप्प झालो. त्या प्रश्नाने मला अठ्ठावीस वर्षे मागे नेले होते.

१९९४ साली मी एका कारखान्यात टूलरूमचा पर्यवेक्षक होतो. कारखान्याचीही तेव्हा 'नवी बांधणी' चालली होती. संगणकावर चालणारी यंत्रे आली होती, आणि जुन्या लेथवर हात बसलेले कारागीर व्यवस्थापनाला जड वाटू लागले होते. त्यांत आमच्याच बाजूच्या गावचे एक टर्नर होते. आम्ही सारे त्यांना काका म्हणत असू. एकोणतीस वर्षांची नोकरी. तयार नगावरून नुसते बोट फिरवून माप किती चुकले, ते सांगत, आणि मायक्रोमीटर लावला की तेवढेच निघे. हत्याराला धार कशी लावावी, हे मला त्यांनीच शिकविले होते. वरिष्ठांनी मला बोलावून सांगितले की, काकांना दुसऱ्या शहरातील गोदामावर पाठवायचे आहे. हुकूम निघेपर्यंत कुठे बोलू नका. मी होकार दिला. पुढचे दोन आठवडे मी रोज काकांच्या शेजारी बसून डबा खाल्ला. त्यांच्या घरच्या सुक्या बोंबलाच्या चटणीतला वाटा घेतला. आणि बोललो नाही. एका सकाळी पाळी सुरू होण्याच्या वेळी काकांनी स्वतःचे नाव नोटीस बोर्डावर वाचले.

ते मला काहीही म्हणाले नाहीत. निवृत्तीपर्यंतची उरलेली वर्षे त्यांनी परगावी एका खोलीत काढली. घरी अंथरुणाला खिळलेली आई होती, म्हणून काकी गावीच राहिल्या. रविवारी चर्चच्या आवारात कधी भेट झाली, तर काका हसून मान हलवीत. मी घाईघाईने पुढे जाई.

त्या सोमवारी रात्री मी मुलाला फ्ल्युरीची पूर्वकथा विचारली. २००३ साली पिट्सबर्ग पेंग्विन्सने देशोदेशींच्या नवोदितांमधून त्याला सर्वप्रथम निवडले होते. २००९, २०१६ व २०१७ असे तीन चषक त्याने त्या संघात पाहिले. अखेरच्या काळात मॅट मरे हा तरुण गोलरक्षक पुढे आला. लास वेगासमध्ये नवा संघ निघणार होता आणि इतर संघांतून त्याला खेळाडू घेता येणार होते. आपल्याला हलवता येणार नाही, असे कलम फ्ल्युरीच्या करारात होते. पिट्सबर्गने त्याला विचारले आणि त्याने ते कलम स्वखुशीने सोडून दिले. २०१७ च्या अंतिम विजयानंतर हातातला चषक त्याने स्वतः मरेच्या हाती दिला. पुढे वेगासमध्ये तो चार हंगाम खेळला. २०२१ साली सर्वोत्कृष्ट गोलरक्षकाचा व्हेझिना करंडक त्याला मिळाला, आणि महिनाभरातच वेगासने त्याला शिकागोला देऊन टाकले. बदल्यात आला दुय्यम दर्जाच्या सामन्यांत खेळणारा एक खेळाडू. खरे कारण होते ते फ्ल्युरीच्या सत्तर लाख डॉलरच्या पगाराचा भार उतरविणे. ही बातमी फ्ल्युरीला ट्विटरवरून कळली, असे त्याच्या प्रतिनिधीने जाहीरपणे सांगितले. खेळ सोडावा की काय, या विचारात त्याचे काही दिवस गेले. मग तो शिकागोला आला. आणि डिसेंबरात मॉन्ट्रियलला, आपल्याच क्वेबेकच्या लोकांसमोर, त्याने पाचशेवा विजय मिळविला.

"आणि या वेळी?" मी विचारले.

"या वेळी विचारलं त्याला," मुलगा म्हणाला. "त्याच्या मनाविरुद्ध पाठवायचं नाही, असं ठरलं होतं. घरात तीन लहान मुलं, पुन्हा बिऱ्हाड हलवायचं. त्याने वेळ घेतला, मग हो म्हणाला."

मला त्या रात्री झोप लागली नाही. वाचकहो, जुन्या माणसाला पाठविणे नेहमीच अन्याय असते, असे मी म्हणणार नाही. घर नव्याने बांधायचे, तर काही तुळया काढाव्याच लागतात. काकांची बदली कदाचित टळलीही नसती. परंतु फ्ल्युरीला त्याच्या संघांनी तीनदा पाठविले आणि तिन्ही वेळा तो गेलाच. फरक होता तो त्याच्याशी कोणी बोलले की नाही, एवढाच. आपल्याकडे लेकीला सासरी धाडतात, त्याला पाठवणी म्हणतात. निरोप देणारे त्यात उंबरठ्यापर्यंत येतात. मी काकांच्या बाबतीत उंबरठ्यापर्यंत गेलो नव्हतो.

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही परतलो. दुसऱ्याच दिवशी मी काकांकडे गेलो. वय त्र्याऐंशी, ओटीवर आरामखुर्चीत बसलेले. बराच वेळ पावसाच्या नि विहिरीच्या पाण्याच्या गप्पा झाल्या. शेवटी धीर करून मी म्हणालो, "काका, ती बदली मला दोन आठवडे आधी ठाऊक होती."

"मला माहीत आहे," काका म्हणाले.

"केव्हापासून?"

"तेव्हापासूनच. रोज चटणी मागून घेणारा तू, आणि त्या दिवसांत माझ्याकडे न बघता जेवायचास." थोडा वेळ थांबून म्हणाले, "अरे, मी नाही म्हटलं नसतं. पण त्या दोन आठवड्यांत आईला दाखवायला डॉक्टर तरी बघून ठेवला असता."

मला बोलवेना. मी हात जोडले. त्यांनी माझे हात धरून खाली आणले आणि काकींना चहा टाकायला सांगितले. चहा पिताना मी त्यांना त्या गोलरक्षकाची हकिगत सांगितली. त्यांनी लक्ष देऊन ऐकली आणि विचारले, "मग नव्या ठिकाणी जिंकला का?"

"नाही. सेंट लुईसकडून पहिल्याच फेरीत हरले. शिकागोलाही मग दुसऱ्या फेरीचीच निवड मिळाली."

"म्हणजे तो जिंकला असता, तर पाठवणाऱ्याचंही भलं झालं असतं?"

"हो."

"हा हिशेब बरा आहे," काका म्हणाले.

फ्ल्युरी मिनेसोटात २०२५ पर्यंत खेळला. ५७५ विजयांसह तो निवृत्त झाला. त्याच्यापुढे एकटा मार्टिन ब्रोडर. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पिट्सबर्गने त्याला एका सराव सामन्यासाठी सन्मानाने बोलावून घेतले आणि आपल्या जुन्या प्रेक्षकांसमोर तो पुन्हा एकदा गोलात उभा राहिला. शिकागोची नवी बांधणी अजून पुरी झालेली नाही. ही सारी बातमी नातीने मला फोनवर सांगितली. मी संध्याकाळी ती काकांना जाऊन सांगितली. आता मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जातो. काकी वाटीत चटणी काढून ठेवतात.