उद्यमनगरातील कमानी

कोल्हापुरास येणारा पाहुणा प्रथम अंबाबाईचे दर्शन घेतो, सायंकाळी रंकाळ्याच्या काठी जाऊन बसतो, एखादा दिवस पन्हाळ्यास देतो, आणि परत निघताना चपलांचा जोड व गुळाची ढेप पदरी बांधून घेतो. या यादीत उद्यमनगराचे नाव सहसा नसते. मी मात्र गेल्या कार्तिकात कोल्हापुरास गेलो तो पुरे दोन दिवस उद्यमनगरातच काढले, आणि तेही एका जुन्या जीपगाडीच्या कमानी निवडण्यासाठी! हे काम एका निवृत्त शिक्षकाकडे कसे आले, ते सांगितल्यावाचून पुढील हकीकत समजावयाची नाही.

आमचे मूळ घर कोल्हापुरात. तेथे दादा, वहिनी आणि त्यांची मुले-सुना असतात. मी नोकरीच्या निमित्ताने पुण्यास गेलो तो तिकडचाच झालो. आमचे कुलदैवत गगनबावड्याचा घाट उतरून खाली कोकणात आहे. दर मार्गशीर्षात सगळे घर तेथे जाते, आणि नैवेद्याचा स्वयंपाक वहिनींच्या हातचा असतो. गेल्या चाळीस वर्षांत त्यात खंड पडलेला नाही. शेवटचे दोन कोस जांभ्या दगडाची वाट असल्यामुळे तेथे जीपच लागते. दादांच्या धाकट्या चिरंजिवास या गाड्यांचा फार नाद. त्याने पंचवीस वर्षांची एक महिंद्र जीप घेतली आणि तिला नटवावयास आरंभ केला. रुंद टायर आले, पुढे पोलादी बंपर व चिखलातून गाडी ओढून काढणारी विंच आली, मागे सामानाचा लोखंडी सांगाडा आला. एवढे ओझे चढल्यावर जुन्या कमानी बसल्या. तेव्हा त्याने जाड पाट्यांच्या, चांगल्या उंच कमानींचा नवा संच आणून चारही चाकांवर चढविला. गाडी वीतभर उंच झाली आणि गल्लीत तिची वाहवा झाली.

वैशाखात याच गाडीतून वहिनी माहेरच्या लग्नास निघाल्या. पुढची जागा दादांच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी राखलेली असते. वहिनी मागे, नेमक्या चाकांच्या माथ्यावर बसल्या होत्या. एका उघड्या चरावरून गाडी गेली आणि त्यांच्या पाठीत उसण भरली. पंधरा दिवस त्या अंथरुणावर होत्या. बऱ्या झाल्यावर त्यांनी कोणासही दोष दिला नाही, फक्त एवढेच म्हणाल्या, “यंदा मार्गशीर्षात तुम्ही सारे जाऊन या. माझा नमस्कार देवीला सांगा.” ते ऐकून मुलाचे तोंड उतरले. त्याने मला पत्र धाडले नाही, दूरध्वनी केला. पण त्यातील “काका, तुम्ही या” हे शब्द पत्राइतकेच जड होते.

उद्यमनगरात पाय ठेवताच दोन गोष्टी अंगावर येतात : लेथयंत्रांचा अखंड सूर आणि तापलेल्या तेलाचा वास. एका बोळात बिडाच्या ओतीव वस्तूंना घासून आकार येतो आहे, पलीकडे कोणी दंतचक्रे कापीत आहे, शेजारी चहाच्या टपरीवर दोन कारागीर एक सूताचा हिशेब जमिनीवर खडूने मांडीत आहेत. शाहू महाराजांनी १९०६ साली येथे कापडगिरणी स्थापन केली. पुढे उसाच्या मळ्यांना पाणी उपसावयास तेलाची इंजिने हवी झाली, ती दुरुस्त करता करता ती घडविणारे हात तयार झाले, आणि त्या हातांनी ओतशाळा उभ्या केल्या. आज शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील ओतशाळांतून मोटारींचे सुटे भाग दूरदूर जातात. म्हणूनच दुसऱ्या गावी ‘हा भाग मिळत नाही’ असे उत्तर येते, तेथे कोल्हापूरकर ‘बनवून देतो’ म्हणतो.

आम्ही गेलो ते मेस्त्री साठीच्या पुढचे होते. आमच्या चिरंजिवांनी टायरांचे माप, कमानीची उंची वगैरे इत्थंभूत सांगितले. मेस्त्रींनी ऐकून घेतले, गाडीस एक प्रदक्षिणा घातली, मागच्या बंपरवर पाय देऊन आपला सगळा भार टाकला. गाडी हलली नाही.

“उंच दिसती खरं,” मेस्त्री म्हणाले, “गाडीत बसणार कोण?”

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी एकासही पटकन देता येईना. मी आयुष्यभर मुलांना पदार्थविज्ञान शिकविले. रॉबर्ट हूकने १६७८ साली प्रसिद्ध केलेला नियम, की कमानीचा ताण तिच्यावरील भाराच्या प्रमाणात वाढतो, मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिला असेन. पण भार म्हणजे कोणाचा भार, हे विचारण्याचे माझ्याही ध्यानी आले नव्हते.

मेस्त्रींनी आम्हांस प्रथम वजनकाट्यावर पिटाळले. उसाच्या ट्रॉल्या तोलणारा तो मोठा काटा. आधी पुढची चाके, मग मागची चाके, मग सगळी गाडी, अशी तीन वजने घ्यावयाची. एकदा रिकामी आणि एकदा भरलेली. घरची मंडळी काट्यावर नेऊन उभी करणे शक्य नव्हते. म्हणून प्रत्येकाच्या वजनाचा अंदाज करून तितकी तांदळाची पोती ज्याच्या त्याच्या जागी ठेवली. (हे अंदाज घरी कोणास सांगितले नाहीत.) मागच्या चाकांवर रिकाम्या गाडीचे ६३५ किलो भरले, भरलेल्या गाडीचे ९३०. त्यातून चाके आणि आस यांचे सुमारे १३० किलो वजा करावयाचे, कारण ते कमानीच्या खाली असतात, कमानीवर नव्हे. म्हणजे एकेका कमानीवर रिकाम्या वेळी सुमारे २५० किलो, आणि सारे घर बसल्यावर ४०० किलो.

आता एक सोपे गणित वाचकांपुढे ठेवतो. घरातील शाळकरी मुलांसही ते करता येईल. भाराने कमान जितके सेंटिमीटर दबते त्या आकड्याचे वर्गमूळ काढावे आणि तीनशेला त्याने भागावे. येणारा आकडा म्हणजे गाडी मिनिटास किती वेळा खालीवर हेलकावते तो. कमान १६ सेंटिमीटर दबली तर ७५ हेलकावे, ९ दबली तर १००, आणि केवळ ४ दबली तर १५०. माणसाच्या शरीरास साठापासून नव्वदापर्यंतचे हेलकावे मानवतात. शंभराच्या आसपास ते सोसवतात. दीडशे झाले की तो झोका राहत नाही, हिसका होतो.

आमची मूळची कमान सहा मिलिमीटर जाडीच्या सहा पाट्यांची होती, आणि ती एक सेंटिमीटर दाबावयास सुमारे २७ किलो लागत. नव्या कमानीत पाटे सहाच होते, पण आठ मिलिमीटरचे. दोन मिलिमीटरांत असा काय फरक पडणार, असे चिरंजिवांस वाटले होते. परंतु पाट्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. सहाचा घन २१६, आठाचा ५१२. म्हणजे कमान अडीचपटीच्या जवळपास ताठ झाली. सेंटिमीटरला ६४ किलो! रिकाम्या गाडीत ती जेमतेम चार सेंटिमीटर दबत होती. वहिनींच्या पाठीत उसण का भरली, हे कागदावर स्वच्छ दिसले. मुलगा त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

“मग जुन्याच कमानी भट्टीत तापवून पुन्हा वाकवून घेऊ या का?” मी विचारले. मेस्त्रींनी मान हलविली. कमानीचे पोलाद साधे नव्हे. त्यात सिलिकॉन व मँगनीज असते. ते लालभडक तापवून तेलात विझवितात आणि मग पुन्हा बेताच्या उष्णतेवर मुरवितात, तेव्हा त्यास वाकून परत येण्याचा गुण येतो. लोहाराच्या भात्यापुढे अंदाजाने तापविले की तो गुण जातो. असा पाटा आकाराने नवा दिसतो, पण चार महिन्यांत पुन्हा बसतो किंवा तापविल्या जागी तडकतो.

उपाय निघाला तो अगदी साधा. जाडी सहा मिलिमीटरच ठेवावयाची आणि पाटे सहाऐवजी सात करावयाचे. जाडी वाढविली तर ताठपणा घनाने वाढतो. समान जाडीचा पाटा वाढविला तर तो केवळ त्या हिश्श्याने वाढतो. सेंटिमीटरला साडेएकतीस किलो. रिकामी गाडी आठ सेंटिमीटर दबेल आणि हेलकावे १०६ होतील. सारे घर बसले की जवळजवळ तेरा सेंटिमीटर दबून ८४. म्हणजे ज्या दिवशी घरची माणसे बसतील, त्या दिवशी गाडी सर्वांत सुखाची चालेल. पुढच्या कमानींस विंचेचे ओझे धरून तेच गणित लावले.

मेस्त्री कमान जुळवीत असता मी शेजारी बसलो होतो. सर्वांत लांब पाटा वर, त्याच्या दोन्ही टोकांस डोळे. खाली क्रमाने आखूड होत जाणारे पाटे, मध्ये एक बोल्ट, बाजूंस कड्या. पाट्यांच्या मध्ये शिश्यासारखे काळे ग्राफाइटचे वंगण. “गाडीला मेन पाटाच धरून असतोय,” ते म्हणाले, “खरं खालचे हाईत म्हणून तो टिकतोय. आन् कड्या लई आवळल्या तर कुणालाच हलता येत न्हाई, मग मेनच तुटतोय.” मोठ्या कुटुंबात वाढलेल्या माणसास यावर अधिक सांगणे नलगे.

उंचीचा मोह सोडावा लागला, त्याचे मुलास प्रथम वाईट वाटले. पण मेस्त्रींनी गाडीखाली दिवा धरून दाखविले : कमान फार उंच केल्यामुळे मागचा फिरता दांडा तिरका झाला होता, त्याचा क्रॉस झिजला होता, आणि ब्रेकची रबरी नळी ताणून बसली होती. ही नळी एखाद्या खड्ड्यात तुटली असती तर उसणीवर भागले नसते. शिवाय मोटारगाड्यांच्या १९८८ च्या कायद्यातील ५२ वे कलम गाडीत मनास येईल तसा बदल करू देत नाही, हेही मी त्याच्या कानी घातले. यू-बोल्ट नवे घेतले. जुने एकदा ताणलेले असतात. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून मगच आवळले, नाहीतर ती रबरे सदाचीच पिळलेली राहतात.

तिसऱ्या दिवशी पन्हाळ्याच्या पलीकडे मसाई पठाराच्या वाटेने परीक्षा घेतली. १६६० च्या जुलैत, भर पावसात, शिवाजी महाराजांची पालखी पन्हाळ्याहून विशाळगडाकडे याच बाजूने गेली. पालखीस कमानी कोठल्या? तिच्या कमानी म्हणजे भोयांचे खांदे आणि गुडघे; दगड पायाखाली आला की तो आधी त्यांच्या देहात जिरावयाचा. पठार सुरू होते तेथे आम्ही गाडी उभी केली. वर सड्यावरील मातीचा थर बोटभरही नाही. चाकांनी तो उखडला तर पुन्हा धरावयाचा नाही. पायीच चालून आलो. परत येताना मी मुद्दाम मागे, वहिनींच्या जागी बसलो आणि मांडीवर पाण्याचा तांब्या धरला. वाटेत तो थोडा हिंदकळला, सांडला नाही.

घरी आल्यावर ही परीक्षा वहिनींस सांगितली. त्या म्हणाल्या, “भावजी, तांब्याला पाठ नसते.” यावर मजजवळ उत्तर नव्हते.

मार्गशीर्षात गाड्या निघाल्या तेव्हा वहिनी मोठ्या मोटारीत बसल्या. गगनबावड्यापर्यंत काही बोलल्या नाहीत. घाट उतरल्यावर पक्की सडक संपली आणि जीप पुढे आली. मुलगा खाली उतरून उभा राहिला. “आई, बस” एवढेही म्हणाला नाही. दादा आपण होऊन पुढची जागा सोडून मागे जाऊ लागले, तेव्हा वहिनींनी त्यांस हातानेच थांबविले आणि नैवेद्याची भांडी मांडीवर घेऊन स्वतःच्या जुन्या जागी जाऊन बसल्या. दोन कोसांस पाऊण तास लागला. मुलाने प्रत्येक दगड विचारून ओलांडला म्हणावयास हरकत नाही.

देवळापाशी उतरल्यावर त्यांनी पदर सारखा केला, पाठ एकदा ताठ करून पाहिली, आणि गाडीच्या चिखलाने माखलेल्या चाकाकडे पाहून म्हणाल्या, “आता गाडी माणसांत आली.” मग मुलाकडे वळून, “उभा काय राहिलास? चूल पेटव.”