वणीतील अवजारखरेदी

नागपूरहून चंद्रपूरच्या रस्त्याने वरोरा गाठावे, तेथून वळून वर्धा नदी ओलांडावी, म्हणजे यवतमाळ जिल्हा लागतो आणि थोड्याच वेळात वणी येते. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म 1880 साली येथे झाला. आज मात्र गावाची पहिली ओळख पटते ती कोळशाने. मालमोटारींची रांग आणि पानापानावर बसलेली काळी धूळ पाहिली की खाणी जवळ आहेत हे कोणास विचारावे लागत नाही.

गेल्या माघात आम्ही तेथे गेलो ते वडील बंधूंच्या निरोपावरून. चिरंजीवांस पदवी मिळून दीड वर्ष झाले होते, नोकरी नव्हती, आणि आता सुऱ्या घडविण्याचे वेड लागले होते. दिवाळीत त्याने धार लावण्याचे एक स्वस्त विजेचे चाक घरपोच मागविले व त्यावर दोन पाती निळी करून ठेवली. पाते निळे पडले, म्हणजे तीनशे अंशांच्या आसपास तापून त्याचे पाणी उतरले. मग ते कितीही घासा, धार टिकावयाची नाही. शिकवण्यांतून साठविलेले तीन हजार रुपये अजून त्याच्यापाशी होते. "तुझे तो ऐकतो, त्याला समजाव," असे बंधू म्हणाले, आणि आम्हीही हो म्हटले.

चिरंजीवांनी यादी काढून दाखविली. ऐरण, भाता, भट्टी, सांडशा, घण, शेगडा, सामता! बेरीज पंधरा हजारांवर गेली होती. ऐरणीऐवजी रुळाचा तुकडा स्वस्तात मिळेल, असे एका भंगारवाल्याने त्याला सांगितले होते; पावतीचे नाव काढताच मात्र तो विषय बदलू लागला. रेल्वेची मालमत्ता बेकायदा जवळ बाळगणे हा 1966 च्या कायद्याने गुन्हा आहे, हे आम्ही पुतण्यास सांगितले. तेवढ्यापुरते आमचे समजावणे कामास आले.

"काका, आपण एकदा लोहारबाबांकडे येऊन तर पहा," तो म्हणाला.

हे लोहारबाबा आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात. आमच्या आजोबांपासून घरच्या विळ्या त्यांच्याकडे जात आल्या. गडी नेई, गडी आणी. त्या छपरात आमच्यापैकी कोणी पाऊल टाकले नव्हते, हे तेथे वाकून शिरताना ध्यानात आले आणि मनाला लागले. पुतण्या मात्र राखेत मांडी घालून बसला. त्याची तेथील जागा ठरलेली दिसली.

लोहारबाबांनी यादी ऐकून घेतली व हसले. "मशीन नोका घेऊ, भट्टीबी नोका. माह्या भट्टीत भाजा. कानस घ्या चांगली."

या सल्ल्याचे मर्म समजण्यास आम्हांस दोन दिवस लागले. पाते ठोकून घडविलेच पाहिजे असे नाही. नरम पोलाद करवतीने कापून कानशीने उतरविता येते. त्यास घाई चालत नाही, पण पाते तापून बिघडण्याची भीतीही नाही. भट्टी लागते ती दोनदाच, एकदा नरम करण्यास व एकदा पाणी देण्यास, आणि तेवढ्यासाठी ती विकत घेणे म्हणजे एका स्नानासाठी विहीर खणणे होय. शिवाय कोळशाच्या या गावात लोहारबाबा लाकडी कोळसाच जाळतात! वर्धा खोऱ्यातील दगडी कोळसा बॉयलरला चांगला, पण धूर व राख फार. लोहाराला हवा तसा त्याचा कोक होत नाही.

पोलाद निवडले ते मालमोटारीच्या कमानीचे. त्यात शेकडा अर्ध्याहून थोडा अधिक कार्बन असतो, म्हणून ते पाणी घेते. जुन्या पट्ट्यांत न दिसणाऱ्या भेगा असतात, यास्तव कारागिराकडून नव्या पट्टीचा उरलेला तुकडा घेतला. येथून दक्षिणेस, पैनगंगा आणि गोदावरी ओलांडल्यावर, निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. तेथील पोलाद एके काळी इराणी व्यापारी घेऊन जात. ती विद्या लोपली. आमची पट्टी लाल तापवून, ठोकून सपाट केली आणि राजूरच्या कोरड्या चुन्यात रात्रभर पुरली. सकाळी करवत तिच्यात सहज शिरली.

खरेदी मग झाली ती एवढीच: एक खरबरीत व एक मऊ कानस, करवतीची चौकट, चार पाती, दोन शिकंजे, पॉलिश कागद. यांत कानशींवर सर्वांत अधिक खर्च केला. लोहारबाबांना त्यांच्या कोळशाचे व वेळेचे पैसे देऊनही नऊशे रुपये उरले.

सहाव्या दिवशी संध्याकाळी पाणी दिले. पाणी हा शब्दच. अशा पोलादास प्रत्यक्ष पाण्यात बुडविले तर ते तडकते. वहिनींनी तळणीचे उरलेले तेल दिले, "पण भांडे परत आणू नका" असे बजावून. जुन्या कर्ण्यातला लोहचुंबक तारेला बांधला होता. पाते तापत गेले, आणि पावणेआठशे अंशांच्या सुमारास चुंबक त्यास धरीनासा झाला. आणखी किंचित तापवून लोहारबाबांनी ते पुतण्याच्या हाती दिले; तेलात बुडविण्याचे काम त्याचे. थंड झाल्यावर त्याने कानस फिरविली. काचेवरून घसरावी तशी ती घसरली. छपरात क्षणभर कोणी बोलले नाही.

मग वहिनींच्या भट्टीत, केक भाजतात तीत, दोनशे अंशांवर दोन-दोन तास दोनदा ठेवले, तेव्हा पाते गवती रंगाचे झाले आणि घरभर तेलाचा वास सुटला. बाभळीची मूठ बसविली. टोकाकडे पाते केसभर वाकले होते. तरी वांगी सरसर चिरली गेली.

बंधूंनी सुरी उलटसुलट करून पाहिली आणि "मूठ जाड झाली आहे," एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो, तेव्हा ओसरीवर दिवा लावून पुतण्या मूठ उतरवीत होता आणि बंधू शेजारी चहा घेऊन उभे होते.